तारीख मागची टाकू का, सर? नाशिकच्या एका क्रीडा संचालकाचं प्रकरण

नाशिक शहरातल्या एका अनुदानित कॉलेजात एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण संचालक राहिलेले आमचे ज्येष्ठ सहकारी गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. जिल्ह्यातले सगळे क्रीडाशिक्षक त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. मीही इथे तेवढंच म्हणेन. निरोप समारंभ छान झाला. चषक मोजून झाले, विद्यापीठाच्या संघात गेलेली मुलं-मुली मोजून झाली, फौजदार झालेला एक जुना विद्यार्थी भर सभेत उठून पाया पडला. त्या एका डिसेंबरबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मला विचाराल तर सरांची कारकीर्द समजून घ्यायला त्या डिसेंबरपासूनच सुरुवात करावी लागते. त्या महिन्यात त्यांनी जिंकलेला चषक स्वतःहून परत केला आणि तो मी नोकरी करतो त्या दुसऱ्या कॉलेजकडे आला. फिरत्या चषकाच्या लाकडी बैठकीवर त्या वर्षासमोर आजही आमच्या कॉलेजचं नाव आहे. हे प्रकरण लिहून ठेवायचं काम म्हणूनच माझ्याकडे येतं. सरांना आणि त्यातल्या मुलीला विचारून लिहितो आहे. नावं कोणाचीच देत नाही.

पद कागदावर, काम मैदानावर

बाहेरच्या वाचकासाठी आधी थोडी रचना सांगतो. नाशकात मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय १९८९ पासून आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं १९९८ पासून. पण इथली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं पुणे विद्यापीठाची, म्हणजे २०१४ पासूनच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. पुणे, नगर (आताचं अहिल्यानगर) आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्याखाली येतात. आमच्याकडचा खेळाडू आधी नाशिक विभागाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो, तिथून निवडला गेला तर आंतरविभागीय स्पर्धेत, तिथून विद्यापीठाच्या संघात. मग भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. विद्यापीठात बसणारा क्रीडा संचालक वेगळा असतो. त्याच्याकडे संघ तयार होऊन येतो. मुलगा किंवा मुलगी टिकते की गळते, ते ठरतं खाली कॉलेजात, जिमखान्याच्या एका खोलीत.

या पदाला माणूस घेताना काय पाहतात? शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे बारा मिनिटांची धाव-चाल चाचणी. तिशीच्या आतल्या पुरुष उमेदवाराने तेवढ्या वेळात १८०० मीटर जायचं, चाळीशीपर्यंतच्याने १५००, पुढे वयाप्रमाणे कमी. चाचणी योग्यच आहे, मीही ती दिली आहे. तहसील कार्यालयाच्या कोणत्या खिडकीवर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेतात, हे मात्र कोणी विचारत नाही. सरांच्या पुढच्या सगळ्या नोकरीत त्यांना सर्वांत जास्त उपयोग याच माहितीचा झाला.

त्यांच्या कॉलेजचं मैदान लहान. चारशेचा ट्रॅक बसत नव्हता म्हणून दोनशेचा आखलेला. दहा हजार मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या, इथे ५०. फेऱ्या मोजायला उंच उडीचा एखादा पोरगा बसवायचा आणि त्याने एक फेरी चुकवली की अख्खा सराव वाया. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या मैदानावर आखणी असे. मधली खुंटी ठोकायची, दोरीने ३६.५० मीटरची त्रिज्या घ्यायची, सरळ बाजू ८४.३९ मीटर. लेन १.२२ मीटरची. आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर धावलेलं अंतर धरलं की पहिल्या लेनची फेरी बरोबर ४०० भरते. लेनमधून धावायच्या ४०० मीटरला दुसऱ्या लेनची मुलगी ७.०४ मीटर पुढे उभी राहते, तिसरीपासून दर लेनला साधारण ७.६६ ची भर. सरांना हे पाढ्यासारखं पाठ. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातात फक्कीचं घमेलं देऊन त्यांनीच मला ते शिकवलं, आणि रेघ वाकडी गेली तेव्हा झाडूने पुसून पुन्हा मारायला लावली. ७.०४ ऐवजी सात मीटर धरलं तर काय बिघडतं, असं मी विचारलं होतं. "चार सेंटिमीटर कोणाचे तरी आहेत," एवढंच म्हणाले.

कोण धावत होतं

नाशिकच्या पश्चिमेचा डोंगरपट्टा म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हरसूलचा भाग. पाणी, सरपण, शाळा, सगळं चालत. लांब पल्ल्याच्या मुली तिथून येतात याचं कोणाला आता आश्चर्य वाटत नाही, कारण हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत सगळ्या देशाला माहीत आहे. ८ ऑक्टोबर २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचं कांस्य घेतलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर भारतीय महिलेने मिळवलेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ती प्रीजा श्रीधरनच्या मागे एका सेकंदाच्या आत दुसरी आली. नाशकात भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर विजेंदर सिंग यांनी तिला घडवलं. त्यानंतर पाड्यांवरचे बाप मुलींना घेऊन स्वतः मैदानावर यायला लागले. त्याआधी सरांना त्यांच्या दारात जावं लागायचं.

आमचं प्रकरण त्या आधीच्या काळातलं आहे. तेव्हा सरांकडे सकाळी साडेपाचला जमणाऱ्यांत दोन प्रकार होते. मुलं बहुतेक भरतीची. सैन्याच्या १६०० मीटरसाठी साडेपाच मिनिटांच्या आत येण्याची धडपड, नाहीतर पोलीस भरती. भरती लागली की मुलगा निघून जाई आणि सर त्याला आनंदाने सोडत. काही क्रीडाशिक्षकांना याचा राग येतो, मला कधी पटला नाही तो राग. घरी दोन एकर वरकस जमीन असलेल्या पोराने विद्यापीठाच्या पदकासाठी शिपायाची नोकरी सोडावी, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

मुलींचं वेगळं होतं. त्या नोकरी लागून जात नसत, नुसत्या येईनाशा होत. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही, असं दर वर्षी व्हायचं. कधी लग्न, कधी वसतिगृह सुटलेलं, कधी फीचा प्रश्न. सर हळहळायचे, आणि पुढच्या जूनमध्ये नवीन मुलगी शोधायचे. त्या डिसेंबरपर्यंत तेही आम्हा सगळ्यांसारखेच होते, हे नीट सांगायला हवं.

तो डिसेंबर

पेठकडच्या एका पाड्यावरची मुलगी दुसऱ्या वर्ष बी.ए.ला होती. शहरातल्या शासकीय आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. पहिल्या वर्षी पाच हजारात तिसरी आली होती. दुसऱ्या वर्षी जुलैपासूनच तिची पावलं अशी पडत होती की आम्ही इतर कॉलेजवाले सरावाला डोकावून बघायचो. जुलैच्या अखेरीस सरांनी तिचा पात्रता अर्ज भरला, प्राचार्यांची सही झाली, अर्ज विभागीय समितीकडे गेला. इथवर सगळं नियमात.

भारत सरकार शिष्यवृत्तीचा फॉर्म मात्र तिने भरला नव्हता. उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि तो काढायला बापाला तालुक्याला दोन खेपा घालाव्या लागणार होत्या. भात लावणीचे दिवस, मग कापणीचे. फॉर्म नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून तिच्या नावावर फी चढलेली. ऑफिसने सूचना फलकावर यादी लावली, ती कोणी तिला वाचून दाखवली नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती कापणीला घरी गेली. दुसरं सत्र सुरू होताना ऑफिसने फी थकलेल्या मुलांची नावं हजेरीपटावरून कमी केली. त्यात तिचंही नाव होतं.

नाव कमी झाल्यावर नवव्या दिवशी नाशिक विभागाच्या मैदानी स्पर्धा सुरू झाल्या. सरांनी पाड्याजवळच्या दुकानदाराच्या फोनवर निरोप ठेवला होता. ती पहाटेच्या एसटीने निघाली, पेठ नाक्यावर उतरली आणि पिशवी घेऊन थेट मैदानावर आली. कॉलेजात गेलीच नाही. पहिल्या दिवशी दहा हजार मीटर जिंकली, रात्री मैत्रिणीच्या खोलीवर राहिली, दुसऱ्या दिवशी पाच हजार. त्या पाच हजारात शेवटच्या चारशेची घंटा वाजली तेव्हा माझ्या कॉलेजची मुलगी तिच्या खांद्याला होती. घंटेनंतर ती जी सुटली, ते मी विसरलेलो नाही. आमची मुलगी दुसरी आली. मुलींचं सर्वसाधारण विजेतेपद सरांच्या कॉलेजला मिळालं, आमच्यापेक्षा सहा गुणांनी पुढे.

तीन दिवसांनी आंतरविभागीय स्पर्धेसाठी संघाची कागदपत्रं पाठवायची होती. सर बोनाफाईड घ्यायला ऑफिसात गेले. लिपिकाने मस्टर, म्हणजे हजेरीपट उघडला आणि नाव दिसेना.

हा लिपिक भला माणूस होता. ही मुलगी धावते हे त्याला ठाऊक होतं, पेपरात तिचा फोटो आला तेव्हा त्याने तो कापून काचेखाली ठेवला होता. तो म्हणाला, "सर, फी मी भरतो आत्ता, पावती फाडतो. पुन्हा प्रवेशाची तारीख मागची टाकू का? मस्टर माझ्याच हातात आहे. कोण बघतंय?"

आजची तारीख टाकली असती तर ती आजपासून विद्यार्थिनी झाली असती. पण शर्यती झाल्या त्या दोन दिवशी ती कोणत्याच कॉलेजची विद्यार्थिनी नव्हती. नियमित विद्यार्थी नसलेल्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरता येत नाही. या नियमाला फाटे फुटत नाहीत.

पायऱ्यांवरचा अर्धा तास

सर मला पुढे अनेकदा म्हणाले की ते जिमखान्याच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसले होते. त्या अर्ध्या तासात काय चाललं होतं, ते मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं आहे.

पहिला विचार सोपा होता. तक्रार कोणी केलेली नाही, करणारही नाही. मुलीने फसवलेलं नाही, तिला काही माहीतच नाही. चूक कागदाची आहे आणि कागदाने दुरुस्त होते आहे. शिवाय ती संघात जाईल, कदाचित विद्यापीठाचा रंग, म्हणजे विद्यापीठाकडून खेळल्याचा मान मिळवेल. इथे मीही असतो तर मागची तारीख टाकू दिली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्यांना अडवलं ते एका पुढच्या कागदाने. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठीची प्रमाणपत्रं पडताळणीला जातात, आणि पडताळणीत बघणारा माणूस मुळापर्यंत जाऊ शकतो: त्या दिवशी ही व्यक्ती विद्यार्थी होती का, प्रवेश कधीचा, मस्टर काय सांगतं. सरांचे शब्द असे होते: "उद्या हिला खेळावर नोकरी लागली आणि कोणी खुसपट काढलं, तर नोकरी हिची जाईल. लिपिकाची जाणार नाही, माझी जाणार नाही. मागची तारीख आम्ही टाकायची आणि फेडायची तिने." मला हा मुद्दा तेव्हा सुचला नव्हता. बहुतेकांना सुचत नाही, कारण आपण प्रमाणपत्र देतो त्या क्षणी आपलं काम संपतं आणि त्या मुलीचं तिथून सुरू होतं.

दुसरं, पाच हजारातली आमची मुलगी. ती नियमाने धावून दुसरी आली होती. सर म्हणाले, तिचेही चार सेंटिमीटर होते.

ते उठले, पुन्हा प्रवेश आजच्या तारखेने करून घेतला, फी स्वतः भरली, आणि विभागीय समितीच्या सचिवांना दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं: आमच्या खेळाडूचं नाव स्पर्धेच्या तारखांना हजेरीपटावर नव्हतं, चूक महाविद्यालयाची आहे, खेळाडूची नाही, दोन्ही निकाल रद्द करावेत. पहिल्या क्रमांकाला पाच गुण, दुसऱ्याला तीन. त्यांचे दहा गेले, आमच्या मुलीचे दोन वाढले. सहाने पुढे होते ते सहाने मागे पडले.

जे चुकलं

इथपर्यंतचं प्रकरण ऐकून लोक सरांना नमस्कार करतात. मी करतो, पण एका गोष्टीवर माझं त्यांच्याशी आजही भांडण आहे. पत्र सोमवारी गेलं. मुलीला ते मंगळवारी कळलं, तेही आमच्या मुलीकडून, वसतिगृहाच्या नळावर. आपली पहिली दोन सुवर्णपदकं रद्द झाल्याचं तिला दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीने सांगितलं. सर तिला बुधवारी सांगणार होते. ती बुधवारी सकाळी सरावाला आली नाही. गुरुवारी गावी गेली.

सर म्हणतात, पत्र आधी गेलं नसतं तर माझा धीर सुटला असता, तिचा चेहरा बघून मी लिपिकाकडे परत गेलो असतो. हे खरं असेल. तरी तिला आधी सांगायला हवं होतं. तिच्या पदकांचा निर्णय होता, तिच्या गैरहजेरीत झाला. या लेखासाठी मी तिच्याशी फोनवर बोललो तेव्हा तिने चषकाचं, नियमाचं काहीच काढलं नाही. म्हणाली, "सरांचं बरोबर होतं. पण मला आधी सांगायला पाहिजे होतं. आणि सर, शर्यत मी जिंकले होते." मी हो म्हणालो. घंटेनंतरची ती फेरी मी बघितली आहे.

रविवारी सर पेठला गेले. एसटी, पुढे जीप, पुढे चालत. घरी बाप होता. त्याने विचारलं की पोरीने काय चूक केली. सर म्हणाले, तिने काही नाही केलं, कागद आमच्याकडे राहिला. त्यावर बाप बराच वेळ बोलला नाही. मग त्याने घडी घातलेला उत्पन्नाचा दाखला कोनाड्यातून काढला. तो दिवाळीतच आणला होता. कुठे द्यायचा हे माहीत नव्हतं.

सरांच्या सगळ्या कारकिर्दीत मला याहून मोठा क्षण दिसत नाही. दाखला होता. मुलगी होती. शिष्यवृत्ती होती. या तिन्हींना एका टेबलावर आणणारं कोणी नव्हतं. जिमखान्याच्या वहीत ती सर्वोत्तम धावपटू होती, ऑफिसच्या मस्टरमध्ये ती थकबाकीदार होती, आणि या दोन वह्या एकाच इमारतीत राहून कधी भेटल्या नव्हत्या.

परिणामही सांगतो. कॉलेजात सरांना जाब विचारला गेला. जिंकलेला चषक घालवणारा संचालक म्हणून त्यांच्याकडे बघितलं गेलं. पदोन्नतीची फाइल दोन वर्षं हलली नाही. मुलगी परत आली, जास्तीचं शुल्क भरून परीक्षा दिली, वर्ष वाया गेलं नाही. त्या हंगामात धावता आलं नाही. तिसऱ्या वर्षी पाच हजारात दुसरी आली, आंतरविभागीयला मागे पडली, विद्यापीठाच्या संघात काही गेली नाही. आज ती एका आश्रमशाळेत स्त्री अधीक्षक आहे.

शनिवारचं टेबल

पुढच्या जूनपासून दर शनिवारी सकाळी सराव संपला की मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली एक टेबल यायचं. टेबलावर एक लांब वही. रकाने असे: नाव, गाव, बस, घरचा निरोप कोणाकडे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, वसतिगृह, बँक पासबुक, परीक्षा अर्ज, मस्टर. शेवटचा रकाना खेळाचा. मस्टरच्या रकान्यात दर महिन्याला ऑफिसची सही लागे, आणि ती सही करायला तोच लिपिक शनिवारी मैदानावर यायचा. त्याला कोणी आदेश दिला नव्हता. तो निवृत्त होईपर्यंत येत राहिला.

रकाने पूर्ण झाल्याशिवाय सर चेस्ट नंबर, म्हणजे स्पर्धेत छातीवर लावायचा क्रमांक देत नसत. सुरुवातीला मुलं वैतागली. कबड्डीवाल्यांनी तर एकदा टेबलच उचलून नेलं. हळूहळू असं झालं की खेळात नसलेल्या मुलीही शनिवारी येऊन रांगेत उभ्या राहू लागल्या, आणि सर त्यांचीही नावं लिहून घ्यायचे. त्यांच्या खेळाच्या रकान्यात रेघ. पुढे शिष्यवृत्ती शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर गेली तेव्हा नवी पंचाईत आली. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जाणार आणि बापाने ते सिमकार्ड केव्हाच टाकून दिलेलं. पन्नाशी ओलांडलेले सर एका विद्यार्थ्याकडून सगळं शिकले. वहीत एक रकाना वाढला: 'आधारला कोणता नंबर'.

चषक त्यांच्याकडे लवकर परत आला नाही. त्यांचा वेळ शनिवारी जात होता, आणि त्या वेळात आम्ही इतर लोक मुलांकडून चौथं इंटरव्हल, म्हणजे वेगाच्या धावेची आणखी एक खेप करून घेत होतो. पण दिवाळीनंतर त्यांच्या मुली परत येत होत्या, हे आम्ही सगळे बघत होतो. तीन वर्षं, तीन हंगाम. लांब पल्ल्याच्या धावपटूला वेळ लागतो. अठराव्या वर्षी ती काय आहे यापेक्षा विसाव्या-एकविसाव्या वर्षी ती मैदानावर असणं जास्त मोलाचं. २०१७ मध्ये नाशिकच्या संजीवनी जाधवने तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचं रौप्य आणलं, तेव्हा सरांनी शनिवारी मुलींना तो पेपर दाखवला होता. ती स्पर्धा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची असते. सर म्हणाले, "पाय सगळ्यांकडे आहेत. तिथे उभं राहायला मस्टरवर नाव लागतं." फेब्रुवारी २०२० मध्ये भुवनेश्वरच्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत आपलं विद्यापीठ दुसरं आलं, तेव्हाही माझ्या मनात आलं की अशा यादीतलं प्रत्येक नाव कुठल्यातरी कॉलेजच्या कुठल्यातरी लिपिकाने वेळेवर मस्टरमध्ये ठेवलेलं असतं.

माझ्या कॉलेजात मी हे टेबल सुरू करायला सात वर्षं लावली. कारण काही मोठं नव्हतं. चषक आमच्याकडे येत होते.

वही कोणाकडे

सरांची जागा अजून भरलेली नाही. राज्यातल्या अनुदानित कॉलेजांत ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने भरतीला परवानगी दिली, तेव्हा सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा होत्या आणि शारीरिक शिक्षण संचालकांच्या अख्ख्या महाराष्ट्रात १३९. सरांच्या कॉलेजने क्रीडा विभागाचा अतिरिक्त कार्यभार इतिहासाच्या एका तरुण मॅडमना दिला आहे आणि सकाळच्या सरावाला मानधनावर एक प्रशिक्षक ठेवला आहे. प्रशिक्षक चांगला आहे, स्वतः धावलेला आहे. तो नऊ वाजता जातो.

कार्यभार देण्याच्या दिवशी सरांनी मला साक्षीला बोलावलं होतं. डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे, म्हणजे कॉलेजच्या मालकीच्या सामानाच्या नोंदवहीप्रमाणे सगळं मोजून झालं: गोळे, भाले, अडथळे, तीन स्टॉपवॉच, त्यातलं एक बंद. लांब वही डेडस्टॉकमध्ये नव्हती. ती सरांनी घरच्या पैशाने घेतलेली, त्यामुळे नियमाने ती ते घरी नेऊ शकत होते. मॅडमनी ती चाळली आणि विचारलं, "सर, हा 'बस' रकाना कशाला?" सरांनी सांगितलं की मुलीची शेवटची बस किती वाजता आहे ते कळलं की सराव कधी सोडायचा ते कळतं. मॅडमनी वही ठेवून घेतली.

मागच्या बुधवारी त्यांचा मला फोन आला. वहीच्या शेवटच्या पानावर सुरगाण्याकडच्या एका मुलीच्या ओळीत उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाचा पावती क्रमांक सरांच्या अक्षरात लिहिलेला होता. दाखला आला होता, मुलीचा भाऊ तो घेऊन कॉलेजच्या फाटकावर उभा होता, आणि ऑफिस जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. आता काय करू, असं त्या विचारत होत्या. मी सांगितलं की भावाला बसवून घ्या, परत पाठवू नका, त्याची परतीची बस किती वाजता आहे ते वहीत बघा. कागद सरकवण्याचा आवाज आला.

"सव्वातीन," त्या म्हणाल्या. "मी तोवर त्याच्यासोबत थांबते."